पलीकडचं टोक

रताळ्याच्या शेतावरचं धुकं अजून हललं नव्हतं. चर्चच्या मागे एझेल फावड्यानं ओकच्या लाकडाचे निखारे भट्टीत सारत होता. आज चर्चचा वर्षाचा मेळा. जाळीवर अख्खं डुक्कर. म्हाताऱ्या एझेलच्या हातचं डुक्कर आजवर करपलं नव्हतं.

उलटायचं काम दोघांचं. दोन जाळ्यांत दाबलेलं डुक्कर नजरेला नजर मिळवून एका दमात फिरवायचं. एक चुकला तर दोघं भाजतात. पलीकडचं टोक त्याच्या भावाचं असायचं. भाऊ वसंतात वारला. आज त्याचा मुलगा वेंडेल अटलांटाहून आला होता, बापाचे हातमोजे घेऊन. तिकडे तो एका पुरुषाबरोबर संसार करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इथल्या बाप्यांची एक खोड. "तुझी आठवण आली रे," म्हटलं की लगेच "पण मी तसला नाही हं!" जोडायचं. भावाच्या मयताच्या दिवशी एझेलला मिठी मारतानाही शेजारचा रूफस तेच पुटपुटला होता.

वेंडेलनं हातमोजे चढवले, तसा रूफस खिदळला. "अरे, हे बाप्यांचं काम. बायल्याच्या हातात टोक दिलंस एझेल, तर मेजवानी भुईवर!"

भट्टीभोवतीचे दोघंचौघं हसले. वेंडेलचे कान तापले. तो हातमोजे काढायला लागला.

"राहू दे हातात," एझेल म्हणाला. मग फावडं टेकवून रूफसकडे वळला. "शब्द मागं घे."

"गंमत केली गड्या! चल, मी धरतो. चरबी पेटतेय बघ."

"पेटू दे."

"सगळा गाव जेवायचाय!"

"करपलेलं खाईल. ते टोक माझ्या भावाच्या पोराचं."

धूर काळा झाला. एझेलच्या नाकाला करपल्याचा वास लागला. पण हात हलला नाही. शेवटी रूफसनं टोपी काढली.

"चुकलो, वेंडेल. धर बाबा लवकर."

"काका, तुमचं डुक्कर..." वेंडेलनं जाळीचं टोक धरलं.

"माझ्याकडे बघ. डुकराकडे नको."

दोघांनी मान हलवली अन् जाळी फिरली, बापलेकांनी फिरवावी तशी. एका खांद्याचं मांस पार कोळसा झालं होतं.

"तेवढं रूफसच्या ताटात," एझेल म्हणाला.

वेंडेल हसला. "बाबांची फार आठवण येते, काका. तुमचीही यायची."

"मलाही तुझी," एझेल म्हणाला. पुढे काही जोडलं नाही. फावडं उचललं आणि निखारे सारू लागला.