शून्यं मागे सारणारी मुलगी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. त्यात सदर बाजारातल्या एका कोचिंगमध्ये प्रोग्रामिंग शिकवायला लागले, मग तर विचारूच नका. पोरं इंटरनेटवरून उत्तर उचलतात आणि चेहरा असा करतात, जसं काही चार दिवस डोकं फोडलं.

तेव्हा एका कंपनीच्या नोकरीच्या परीक्षेला वर्गातून चारच नावं पाठवायची होती. मी अ‍ॅरेचा प्रश्न दिला. ओळीत आकडे, मधेमधे शून्यं. सगळी शून्यं शेवटी न्या, बाकीच्यांचा क्रम मोडू नका, आणि दुसरी ओळ घ्यायची नाही. बहुतेकांनी गुपचूप घेतलीच. एकीचं उत्तर मात्र इतकं नेटकं की माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; वर्गात माझ्यासारखी मराठी ती एकटीच, गढा वस्तीत राहणारी. उद्या कोणी म्हणायला नको, मॅडमने आपलीच पोरगी पुढे केली, म्हणून मी तिला जरा लांबच ठेवायची. दुसऱ्या कोणाचं असं उत्तर असतं तर फळ्याशी बोलावून समजावून घेतलं असतं. हिला विचारलंच नाही. चोरलंच असणार! चार नावं पाठवून मोकळी झाले. तिचं नव्हतं.

आठवड्याने अस्तराचं कापड घ्यायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले, तर दुकानात तीच. विकलेल्या ताग्यांमुळे रॅकमध्ये रिकामे खण पडले होते. तिचा डावा हात पहिल्या रिकाम्या खणावर, उजवा पुढे सरकत चाललेला. तागा लागला की उचलून डाव्या हाताशी ठेवायची, मग डावा हात एक खण पुढे. ताग्यांचा क्रम हलला नाही, रिकामे खण आपोआप टोकाला गेले. अगबाई, हेच तर तिने लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वर्षांपासून ती सकाळी तिथे काम करत होती. यादी गेली का, तिने विचारलं. गेली, म्हटलं; तुझं उत्तर चोरलेलं वाटलं, म्हणून नाव नाही दिलं. दुसऱ्यांना बोलावून विचारता न तुम्ही, ती म्हणाली.

"मग मला काहून नाही विचारलं, मॅडम?"

"तू आपली म्हणून," मी खरं तेच सांगितलं.

तिने हातातला तागा खणात सरकवला.

"मग मी परकी असती तर बरं झालं असतं."