तळहातावरचा नारळ

चेन्नईत अड्यारच्या आमच्या इमारतीची बोअरवेल गेल्या उन्हाळ्यात कोरडी पडली. नवी खणण्यासाठी यंत्र एकदाच येणार होते. जागा चुकली असती तर बत्तीस कुटुंबांना टँकर-लॉरीच्या पाण्यावर राहावे लागले असते. असे असताना कार्यकारिणीने भूजलतज्ज्ञाला डावलून नारळवाल्या पाणाड्याला बोलावले. अभियांत्रिकीच्या पदव्या भिंतीवर टांगणारी ही माणसे! मी तीन पानी लेखी हरकत घेतली. तीत एक वाक्य अधोरेखित केले होते: 'येथील जुनी विहीर फाटकापाशी होती, असे अर्जदारास स्पष्ट स्मरते, सबब तेथेच तपासणी व्हावी.'

ती विहीर डासांच्या कारणावरून माझ्याच अर्जावर बुजवली गेली होती. पत्नीला ती हवी होती; तिने तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. आता पत्नीही नाही. त्या काळचा दुसरा रहिवासीही इथे उरलेला नाही.

पाणाडी दुपारी आला. सोललेला, शेंडी राखलेला नारळ तळहातावर आडवा ठेवून तो चालतो. पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, असा त्याचा दावा. मी वाट अडवली.

"उलटतपासणी झाल्याशिवाय हा पुरावा ग्राह्य नाही."

"मग नारळाचीच घ्या, सार," तो तमिळमध्ये म्हणाला. नारळ माझ्या हातावर ठेवून तो पाठ फिरवून उभा राहिला.

मी आधी फाटकापाशी गेलो. काही झाले नाही. विजयी मुद्रेने मागच्या भिंतीकडे वळलो. तिथे वारा नव्हता, कावळेही गप्प होते. नारळाचे वजन हळूहळू कमी झाले. मग, झोपेतले माणूस उठून बसावे तसा, तो माझ्या तळव्यावर उभा राहिला.

कार्यकारिणीचा सचिव, नाशिकचा तरुण, बाजूलाच उभा होता. त्याने हलक्या आवाजात विचारले, "काका, तुम्हीच उभा केलात?"

होय म्हणणे खोटे ठरले असते. नाही म्हटले तर माझी हरकतच निकालात निघत होती.

"स्नायूंची सूक्ष्म हालचाल. ती आपल्याला कळत नाही. शास्त्राला हे ठाऊक आहे."

"माझंही असंच होतं, सार," पाणाडी मागे न वळता म्हणाला.

घरी येऊन मी जुनी फाइल उघडली. विहीर बुजवण्याच्या अर्जाला जोडलेला नकाशा निघाला. विहिरीचे वर्तुळ मागच्या भिंतीला लागून होते. खाली माझी सही होती.

म्हणजे हाताला ते आठवत होते, असा युक्तिवाद मी स्वतःपुढे केला. तो सुसंगत आहे. पण जे मी ठामपणे विसरलो होतो, ते हाताने इतकी वर्षे कोणासाठी जपून ठेवले, याचे उत्तर त्यात नाही.

सायंकाळी कार्यकारिणीला पत्र लिहिले. हरकत मागे घेतली नाही. नकाशा जोडला आणि 'स्पष्ट स्मरते' हे शब्द चुकीचे असल्याचे मान्य केले. सही करताना हात थांबला. तो पुन्हा हलेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसलो.