कार्डात नसलेली हाक

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. हळूहळू स्वभावही तसाच झालाय. कोणी भानामतीच्या गोष्टी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचो आणि मायच्या शिव्या खायचो. अमावस्येला नवी वस्तू घरात आणू नये म्हणतात, तर मी हटकून त्याच दिवशी आणायचो. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं वाचून तुम्ही मला कोणत्या पेटीत टाकणार ते मला ठाऊक आहे… टाका. मीही तेच केलं असतं.

लागोपाठ दुष्काळ पडले त्या वर्षांतली गोष्ट. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. आमचं घर पडेगावच्या बाहेर, दौलताबाद रोडवरून थोडं आत. आम्ही धनगर. आबांच्या म्हणजे वडिलांच्या तरुणपणी आमच्या दारापासून पार डोंगरापर्यंत मेंढरं चरायची. मी कमवायला लागेपर्यंत तिथे चुन्याच्या रेघा, रोवलेले दगड आणि एन.ए. प्लॉटचे बोर्ड आले होते. गवताची काडी नाही आणि टँकरची वाट बघत बसलेले निळे ड्रम मात्र घरोघरी. त्याही दिवसांत माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मेंढरं सोडली नव्हती. मी आयटीआय करून कंपनीत लागलो, तो कळपामागेच राहिला. दुष्काळात मेंढपाळाला मुलगी कोण देणार, म्हणून लग्नही राहिलं होतं.

धरण आटलं की त्याच्या पोटातली जमीन उघडी पडते. तिला ओल असते, त्यामुळे थोडं गवत येतं. अशा वर्षी आमच्याकडचे मेंढपाळ कळप घेऊन पैठणच्या धरणात उतरतात. त्या उन्हाळ्यात दादाही दोन-तीन कुटुंबांसोबत तिकडे गेला. जाताना मोबाईलमधलं मेमरी कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "गाणी भरून ठिव रं ह्यात. मागं आलो की नेतो."

तो मागे आलाच नाही. एके दिवशी संध्याकाळी त्याची मेंढरं आपली आपण पालांकडे परत आली. सगळी आली, एकही कमी नाही. कुत्राही आला. फक्त दादा नाही. सोबतच्यांनी दोन दिवस शोधलं, मग आम्हाला फोन केला. पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला, त्याचा फोन लावून लावून थकलो. शेवटी वळायला माणूस नाही आणि चारा नाही, म्हणून आबांनी कळप विकला. माय एवढंच म्हणाली, "त्यो आल्यावर काय वळंल मग?"

आता राहिलं ते कार्ड. त्यात एकच रेकॉर्डिंग होतं. फोन नवीन घेतला तेव्हा दादाने करून बघितलेलं. "हॅलो… हॅलो… माय, जेवली का? व्हतंय का रं हे रेकॉर्ड?" आणि मग स्वतःच हसलाय. बस, एवढंच. मायला कमी ऐकू येतं. फोन कानाला दाबून दाबून ती ऐकायची आणि म्हणायची, नुसती खरखर व्हतीय. आवाज त्याचाच आहे की नाही तेही तिला कळत नव्हतं. तिला तो एकदा, निदान एकदा, नीट ऐकायचा होता.

दादाला शोधायला गावोगाव फिरायचं आणि आबा-मायला दवाखान्यात न्यायचं म्हणून मी त्याच सुमारास एक जुनी गाडी घेतली. तिसऱ्या मालकाची. डॅशबोर्डमध्ये स्टेरिओच्या जागी चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. ते भोक बघूनच डोक्यात आलं की चार स्पीकर लावले, काचा बंद केल्या, तर मायला ऐकू येईल.

मग मी स्टेरिओ शोधायला लागलो, आणि माझ्यासारखा माणूस काही शोधायला लागला की दुकानदार रडकुंडीला येतो. छावणीच्या बाजूला रफीकभाईंचं कार डेकोरचं दुकान आहे. मी त्यांच्याकडे सलग तीन रविवार गेलो. टचस्क्रीनवाला, ब्लूटूथवाला, सीडीसकटचा, आणि सगळ्यात खाली ठेवलेला बिननावाचा साधा पीस, ज्यात पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एफएम एवढंच. मी प्रत्येकाची पाठ उलटून वायरी बघितल्या. खोक्यावर वॅटचे आकडे असे छापलेले की जणू गणपतीच्या मिरवणुकीला लावायचाय. फ्यूज बघितला तर टिचभर.

"भाई, इसमें इतना पॉवर आता कहाँ से?" मी विचारलं.

"लिखने को क्या जाता बोलो," रफीकभाई म्हणाले. "तुमना सुनना है का नापना है?"

मी कार्ड काढून दिलं. त्यांनी ते एकेका सेटमध्ये घालून बघितलं. स्क्रीनवर सगळीकडे एकच… नो फाईल. महागड्यातही तेच.

"ये फोन की रिकार्डिंग है भाई," ते म्हणाले. "अलग टाईप की फाईल रहती. ये लोगां खाली एम्पीथ्री पकडते. कंप्यूटर पे बदल के लाओ, फिर सस्तेवाले में बी चलता. मेहेंगा नक्को लो फोकट में."

त्यांचं पटलं. मी साधा पीस घेतला. मायला बोटाने चाचपून लागतील एवढी मोठी बटणं होती आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायची सोय होती. दुपारभर बसवणं चाललं. कार्ड त्याच स्लॉटमध्ये राहू दिलं. कंपनीतल्या एका मित्राकडून दुसऱ्या दिवशी फाईल बदलून घेणार होतो.

ऊन कलायला लागलं होतं. छावणी सोडून पडेगावच्या रस्त्याला लागलो. पुढे पाण्याचा टँकर, मागे शिफ्टची बस, मध्ये मी. स्टेरिओ चालू होता, स्क्रीनवर नो फाईल. आणि स्पीकरमधून वारा ऐकू यायला लागला. मोकळ्या रानात असतो तसा, एका दमात वाहणारा. मी काच बघितली, बंद होती. मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा आल्या. आणि मग हाक… ओठ मिटून काढलेलं "हुर्रर्र", त्यावर जिभेचा टक्क आवाज, आणि शेवटी एकदम चढलेलं "ह्योऽ".

दादा होता. प्रत्येक मेंढपाळाची हाक वेगळी असते, कळपही दुसऱ्याच्या हाकेला वळत नाही. त्या "ह्योऽ"च्या शेवटी दादाचा आवाज नेहमी थोडा चिरायचा, तसाच चिरला. मी गाडी बाजूला घेतली. मागचा बसवाला शिव्या देऊन गेला. हाक पुन्हा पुन्हा येत होती, घाईघाईने, आणि मग वाऱ्यासकट थांबली. स्क्रीनवर नो फाईल तसंच होतं.

खरं सांगतो, मला भीती नव्हती वाटत… आनंद वाटत होता. शाळेच्या सुट्टीत मी कळपासोबत जायचो. ही हाक पाण्याजवळ गेल्यावरच घालतात, एवढं मला आठवत होतं. माझ्या डोक्याने गणित मांडलं की दादा कुठेतरी आहे, मेंढरं आहेत, पाणी आहे. स्टेरिओ कसा वाजला हा प्रश्न मी, क्वालिटीवाला माणूस, त्या क्षणी विचारलासुद्धा नाही.

घरी येऊन मायला पुढच्या सीटवर बसवलं, आबांना मागे. काचा लावल्या. बराच वेळ काहीच नाही. आबा वैतागून उतरायला लागले आणि तेवढ्यात वारा सुरू झाला. घंटा. मग हाक. मायने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले आणि मान खाली घालून ऐकत राहिली. तिला नीट ऐकू येत होतं, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. थांबल्यावर मी जवळजवळ ओरडलो, "माय, दादा पाण्यावर हाय! ही पाण्याची हाक हाय ना!"

मायने माझ्याकडे बघितलं. "व्हय बाबा," ती म्हणाली. "पाण्यावरच हाय." आणि उतरून घरात गेली, चुलीवर भात टाकायला.

आबा उतरले नाहीत. मी मागे वळलो तर ते खाली बघत होते.

"ती पाण्याकडं न्यायची हाक नाय रं," ते हळूच म्हणाले. "ती लांब आन् संथ असती. ही मागं वळवायची हाय. धरण आटलं ना, की काठाला वरून वाळल्याली पापडी दिसती अन् खाली निसता गाळ. तहानलेली मेंढरं तशीच धावत्यात पाण्याकडं. मग वळणाऱ्यानं त्यांच्या पुढं जायाचं… पाण्याच्या अंगाला हुभं राहून ही हाक द्यायची. मीच शिकवली त्याला."

मला अजून कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "कळप आणाया गेलो तवा पुढच्या मेंढरांच्या पोटाला गाळ वाळल्याला व्हता. म्या तवाच वळखलं. सगळी मागं फिरवली त्यानं. तुह्या मायला सांगू नको. तिला वाटू दे पाण्यावर हाय."

मी गाडीतच बसून रडलो.

नंतर जे करायचं ते सगळं केलं. आबांना घेऊन धरणाच्या त्या भागात गेलो. मासे धरणाऱ्यांना विचारलं, गाळात पेरणी करणाऱ्यांना विचारलं. समोर नजर जाईल तिथपर्यंत भेगाळलेली जमीन आणि तिच्यापुढे चमकणारा चिखल. कुठे उकरणार? एका म्हाताऱ्याने पुढे जाऊ दिलं नाही, हाताला धरून मागे ओढलं. पोलिसांना आबांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पुढे काही झालं नाही.

कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरला लावलं. त्यात एकच फाईल, हॅलो-हॅलोवाली. डिलीट झालेलं काढून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं, काही नाही. फाईल बदलून घेतली, मग ती गाण्यांसारखी छान वाजायला लागली. मायने ती एकदा ऐकली. "जेवली का" ऐकून मान हलवली, पण पुन्हा लाव म्हणाली नाही. तिला दुसरीच हवी असायची. एफएमचं स्टेशन असेल म्हणून मी एरियल काढून टाकली, शेवटी कार्डही काढून ठेवलं. तरी आवाज आला. रफीकभाईंनी सेट बदलून दिला, त्यावरही आला. एकदा त्यांच्या दुकानासमोरच आला. ते ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, "इसके पैसे वापस ले लो भाई, मगर इसको मेरी दुकान में नक्को छोडो." मी पैसे घेतले नाहीत.

नियम काहीच नव्हता. कधी लागोपाठ यायचा, कधी महिनाभर नाही. माय रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसायची. मी आणि आबा तिच्याशी खोटं बोलत राहिलो. नगरकडे पाणी आहे म्हणे, तिकडे असेल… यंदा लांब गेला असेल… ती "व्हय" म्हणायची. खोटं बोलताना आबा अडखळायचे आणि मी विषय बदलायचो. शेजारच्या प्लॉटवर तोवर दोन मजले चढले. कामगारांच्या बायका खिडकीतून बघायच्या की ही म्हातारी बंद गाडीत काय करते.

पुढे एका वर्षी पाऊस चांगला झाला आणि धरण भरलं. शहरातून लोक गाड्या भरभरून दरवाजे उघडलेले बघायला निघाले. माय म्हणाली, मलाबी ने. आबांचा चेहरा पडला, पण नाही कसं म्हणणार? गेलो. कणसं भाजणारे, फोटो काढणारे, नुसती जत्रा. मी गर्दी टाळून गाडी बरीच पुढे, पाण्याच्या कडेने नेली. आम्ही फिरलो होतो ती सगळी भेगाळलेली जमीन पाण्याखाली गेली होती. जिथे म्हाताऱ्याने मला ओढलं होतं ती जागासुद्धा ओळखू येत नव्हती.

मी सवयीने स्टेरिओ चालू केला. नो फाईल. आम्ही बसून राहिलो. काहीच आलं नाही.

मायने हात पुढे केला आणि स्वतःच बटण दाबून स्टेरिओ बंद केला.

"आता नाय यायचा त्यो आवाज," ती म्हणाली.

"का गं?" मी विचारलं.

"म्याबी मेंढरं वळल्यात की रं. ती हाक मला कळत नाय व्हय?" ती पाण्याकडे बघत होती. "तुमी दोघं सांगत व्हता ते ऐकत व्हते, तुमाला बरं वाटावं म्हून."

आबा मागच्या सीटवर होते. त्यांनी तोंडाला उपरणं लावलं.

आवाज तेव्हापासून खरंच एकदाही आलेला नाही. गाडी अजून आहे, सेटही तोच आहे. वारा, घंटा आणि हाक त्या रिकाम्या स्लॉटमधून कुठून यायची, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा, फक्त एफएम म्हणू नका.

त्या दिवशी परत फिरायच्या आधी मायने काच खाली घेतली आणि हात बाहेर काढून थोडा वेळ वाऱ्यात धरला.

"लई ऊन लागत व्हतं रं लेकराला," ती म्हणाली. "आता गार वाटत आसंल."