तात्यांच्या अंगातले मारेकरी

माझ्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, कमरेला नागीण झाली होती. मी शहरात, सावेडीत राहते, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून ते माझ्याकडे उपचाराला आले. बरे झाल्यावर आमच्या बोलक्या डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली. "तुमच्या अंगातल्या नैसर्गिक मारेकरी पेशी चोख काम करताहेत."

तात्यांनी त्यातला एकच शब्द उचलला आणि शेवगावजवळच्या गावी नेला.

आठवड्याने काकूंचा फोन आला. "पोरी, लौकर ये. ह्यांच्या अंगात मारेकरी हायेत म्हनून सारा गाव घाबरलाय."

तात्यांनी उभ्या आयुष्यात विंचूदेखील मारलेला नाही, चिमट्यात धरून कुंपणापलीकडे सोडतात. मी पोचले तेव्हा ते ओसरीवर दाढीचे खुंट घेऊन बसले होते. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन विचारलं होतं, "तात्या, चुकून कापलं तर ते मारेकरी बाहेर येनार न्हाईत ना?" आणि मग दाढी न करताच तो निघून गेला होता. शेजाऱ्याने तर, भांडून भांडून जी हलवली नव्हती ती उसाची ट्रॉली, न सांगता दारासमोरून काढली होती. पण तात्या खूश नव्हते.

"मी पोलीस पाटलाकडं गेल्तो," ते हळूच म्हणाले. "आधीच सांगून ठेवलेलं बरं. तो म्हनला, अजून काय घडलं न्हाई तर काय लिहू?"

मी समजावायला बसले. "तात्या, आपली प्रत्येक निरोगी पेशी अंगावर ओळखीची खूण बाळगते. या मारेकरी पेशी फिरत फिरत सगळ्यांना चाचपतात. खूण दिसली की हात आवरतात. विषाणू शिरलेल्या पेशीवरची ती खूण कधीकधी नाहीशी होते आणि त्रासाची लक्षणं वर येतात. मग त्या तिला चिकटतात, भोक पाडतात, आत रसायन सोडतात. त्यानं ती पेशी स्वतःच स्वतःला संपवते."

"म्हंजी खून न्हाई, आत्महत्या," तात्यांचा चेहरा उजळला. "खटला झाला तरी सुटत्याल."

"पन रागाच्या भरात चांगलीलाच मारलं तर?" काकूंनी विचारलं.

"त्यांना राग नसतो, काकू. खूण आहे की नाही, त्रास दिसतो की नाही, एवढंच बघतात. आणि त्या सगळ्यांच्याच अंगात असतात, जन्मापासून."

दारात शेजारी उभा होता. तो कधी आला, कळलंच नव्हतं.

"माझ्याबी?"

"तुमच्याही."

त्याने स्वतःची छाती चाचपली, ताठ झाला आणि निघून गेला. काकूंचा चहा उकळेपर्यंत ट्रॉली परत दारासमोर. तात्या तरातरा बाहेर गेले आणि आठवडाभराचं साचलेलं भांडण सुरू झालं. मला मध्ये पडावं लागलं.

"बाई, एक सांगा," शेजारी मध्येच थांबून म्हणाला, "ह्याच्या पेशी माझ्या अंगात घातल्या तर माझ्यावाल्या काय करत्याल?"

"खूण जुळली नाही तर मारायला धावतील."

"आन् माझ्यात त्याच्या घातल्या तर?" तात्या म्हणाले.

"तेच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहऱ्यांवर अपार समाधान होतं.

"बराबर हाय," तात्या म्हणाले.

"लई बराबर," शेजारी म्हणाला. मग काकूंनी त्यालाही चहा दिला आणि तो ट्रॉलीच्या दांडीवर बसून प्यायला.