आबांसाठी लाल दिवा

"गायकवाड, हा मासा आहे की पालकाची भाजी?"

रिसेप्शनमधल्या टाकीसमोर उभे राहून आमचे प्लँट हेड मला विचारत होते. काचांवर शेवाळाचा थर, पाणी हिरवंगार. मासा शेपटी हलवायचा तेव्हाच आत कुणीतरी राहतं हे कळायचं.

"दिवाळीनंतर परदेशातले कस्टमर येणार आहेत. तोवर हे स्वच्छ झालं नाही तर टाकी भंगारात आणि मासा घोड नदीत."

रिसेप्शनवरच्या शिंदे मॅडमचा चेहरा उतरला. मासा ऑस्कर जातीचा, वीतभराहून मोठा. जाड ओठ आणि सदा आठ्या घातल्यासारखा चेहरा, म्हणून सगळे त्याला आबा म्हणायचे. जुन्या साहेबांनी तो आणला होता. ते बदलून गेले आणि आबांचं खाणंपिणं मॅडमकडं आलं. त्या दिसल्या की आबा काचेला येऊन चिकटायचे. नदीत ते टिकणार नाहीत, हे मॅडमना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, मी आहे ना," मी म्हणालो.

शिक्रापूरजवळच्या त्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा सुपरवायझर होतो. पंप, मोटर, पॅनल, जे बंद पडेल ते माझ्याकडं. मासे मात्र तोवर फक्त ताटात हाताळले होते. पण असली वाक्यं माझ्या तोंडून विचाराच्या आधीच बाहेर पडतात.

तेव्हा ऑफिसात नुकतंच बरं इंटरनेट आलं होतं. त्यावर मला अल्गी स्क्रबर सापडला. प्रकार सोपा आहे. माशाच्या घाणीचं पाण्यात खत होतं आणि त्यावर टाकीत शेवाळ माजतं. मग शेवाळाला टाकीबाहेर जास्त सोयीची जागा करून द्यायची. प्लॅस्टिकची खरबरीत जाळी उभी टांगायची, तिच्यावरून टाकीतलं पाणी पातळ थरात सोडायचं आणि जवळून जोरदार दिवा लावायचा. शेवाळ त्या जाळीवर वाढतं आणि पाण्यातलं खत खाऊन टाकतं. दर आठवड्याला जाळी खरवडली की खतही गेलं. टाकीतल्या शेवाळाची उपासमार होते आणि पाणी निवळतं.

हे वाचल्यावर मी प्रिंटरवरून चार पानं काढली, पहिली दोन वाचली आणि कामाला लागलो. ऑपरेटर मॅन्युअल वाचत नाहीत म्हणून रोज आरडाओरडा करणारा माणूस मीच होतो.

जाळी मिळाली, छोटा पंप मिळाला. राहिला दिवा. ट्यूबलाइट टाकीखालच्या कपाटात मावेना, म्हणून एलईडी ठरले. रंगाचा मला प्रश्नच पडला नाही. आमच्याकडं प्रत्येक मशीनवर दिव्यांचा खांब असायचा. हिरवा म्हणजे काम नीट चालू, लाल म्हणजे ब्रेकडाउन. शिवाय शेवाळही हिरवं. स्टोअरमध्ये पॅनलच्या हिरव्या एलईडी दिव्यांचं खोकं पडूनच होतं. मी ओळीनं सगळे बसवले. पंप, हवेची मोटर, दिवे, सगळं एकाच स्विचवर घेतलं. वायरिंग कसं सुटसुटीत दिसलं पाहिजे. वर मॅडमना छोटंसं भाषणही दिलं, की ज्याला जो रंग, त्याला तो उजेड मानवतो.

गणपती गेले, दसरा गेला. एक दिवस साहेबांनी वाकून कपाटात पाहिलं.

"गायकवाड, जाळी अगदी स्वच्छ ठेवलीय तुम्ही. आता टाकीचं बघा."

जाळीवर खरंच काही नव्हतं. दुकानातून आणली तशी पांढरीशुभ्र. टाकी मात्र आणखी हिरवी झाली होती. त्या दिवशी मी उरलेली दोन पानं वाचली.

तिसऱ्या पानावर सगळं होतं. पान हिरवं दिसतं, कारण बाकीचा उजेड ते खातं आणि हिरवा बराचसा परत फेकतं. शेवाळाला हवा असतो मुख्यतः गडद लाल, जोडीला थोडा निळा. आणि पॅनलचे दिवे माणसाला दिसण्यापुरते असतात, त्यांच्यात पोट भरण्याइतका जोर नसतो. म्हणजे दीड महिना मी शेवाळाला त्यानं टाकून दिलेलंच खायला घालत होतो, तेही चिमूटभर. मॅडमना तोंड दाखवायची लाज वाटली. रिसेप्शन टाळून मी मागच्या गेटनं ये-जा करायला लागलो.

पुण्याला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन जोरकस गडद लाल एलईडी आणले. मोठा एलईडी तापतो आणि तापला की लवकर मरतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले. आठवड्यात जाळीवर तपकिरी लव आली, मग हिरवे केस. ते केस पाहून मला जितका आनंद झाला तितका स्वतःच्या डोक्यावरचे पाहूनही कधी झाला नव्हता. काचेतून आबांचा एक डोळा दिसू लागला.

मग एका सोमवारी सकाळी मॅडमनी गेटवरच मला गाठलं. "गायकवाड साहेब, लवकर चला. आबा कसंतरीच करतायत."

आबा पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. पंप बंद, हवा बंद, जाळी वाळून पापड. स्विचला लाल पाटी लटकत होती : 'चालू करू नये. मेंटेनन्स.'

"कुणी बंद केलं हे?" मी ओरडलो.

"म्या केलं," सिक्युरिटीचे धायगुडे मामा शांतपणे म्हणाले. निमोणे गावचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे. "शनिवारपास्नं रातपाळी लागली. सांच्याला कपाटातनं लाल दिवा दिसला. लाल दिवा दिसला की आधी मेन बंद, मंग पाटी, मंग फोन. तुम्हीच शिकिवलंय न्हवं? फोन केला तवा तुमी गेल्ते. काल तर सुट्टी."

नियम माझाच होता. तो पाठ होईपर्यंत मी शॉप फ्लोअर ते गेट सगळ्यांना घोकायला लावला होता. इतक्या वर्षांत कुणीतरी तो तंतोतंत पाळला याचं कौतुक करावं, की रडावं, हे मला कळेना.

"बरोबर केलंत मामा," एवढंच म्हणालो. "आता ते पाटी-बिटी राहू द्या, बादली आणा."

कँटीनच्या ड्रममध्ये बोअरचं पाणी साठवलेलं होतं. अर्धं पाणी बदललं. त्यानंतर आम्ही तिघंही मगानं टाकीतलंच पाणी उंचावरून परत टाकीत ओतत राहिलो. असं पडताना पाणी हवा घेऊन जातं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ओतायचं थांबत नव्हत्या. मी मनातल्या मनात माशाची माफी मागत होतो. चहाच्या सुट्टीपर्यंत आबा खाली गेले आणि रागानं गारगोट्या ढकलायला लागले.

"आता बरं हाय," मामा म्हणाले. "चिडल्यात म्हंजी जगत्यात."

त्याच दिवशी हवेच्या मोटरला वेगळा स्विच दिला आणि दिवे आणि जाळी यांच्याभोवती काळ्या पत्र्याचा डबा केला. डब्यामुळं लाल उजेड बाहेर दिसेना. टाकीच्या काचेवरही पडेना, त्यामुळं तिथं शेवाळ धरेना. चौथ्या पानावर हाच सल्ला होता. तोही मी वाचला होता आणि ओलांडून गेलो होतो.

कस्टमर आले त्या दिवशी पाणी काचेसारखं झालं होतं. पाहुणे आत शिरले, टाकीकडं ढुंकूनही न बघता टॉयलेट कुठं आहे ते विचारलं आणि तिकडं गेले. त्यांची वाट बघत साहेब टाकीपाशी थांबले. आबांना अख्खं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"हा इतका कुरूप आहे?"

"साहेब, हळू," शिंदे मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यासमोर नका ना बोलू."

साहेबांनी एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा माशाकडं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सॉरी."

त्यानंतर नदीचं नाव त्यांनी काढलं नाही. स्क्रबर करू बघणाऱ्यांना मी एवढंच सांगतो : दिवा गडद लाल घ्या, झाकून लावा, हवेचा स्विच वेगळा ठेवा. आणि कुणाला "मी आहे ना" म्हणण्याआधी निदान तिसऱ्या पानापर्यंत वाचा.