‘फॉर’च्या पुढचा ‘ही’

वालूरच्या प्राथमिक शाळेतले आश्रुबा मास्तर मॅट्रिकच्या इंग्रजीत तीनदा आपटले. चौथ्यांदा कसेबसे पास झाले, तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर शाळेत मराठी आली. इंग्रजी त्यांच्या वाट्याला आली ती नोकरी लागल्यावर, घरी बसून, परभणीहून आणलेल्या एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून.

मोठ्या शब्दांनी त्यांना कधी अडवलं नाही. ते शब्दकोशात सापडायचे. रडवलं ते बारक्या शब्दांनी. मराठीत ‘नदीवर’, ‘घरात’, ‘आईपाशी’ असं नामाच्या शेवटी चिकटणारं सगळं इंग्रजीत नामाच्या आधी येऊन उभं राही. ‘मे’, ‘मस्ट’, ‘कुड’ क्रियापदाच्या अलीकडं बसून वाक्याचा रोखच फिरवत. शेवटी मास्तरांनी आपल्यापुरता मार्ग काढला. वाक्यं जोडणाऱ्या इंग्रजी शब्दांसमोर ते वहीत उर्दू शब्द लिहायला लागले. ‘इफ’ला अगर, ‘बट’ला मगर, ‘ऑल्दो’ला अगरचे, म्हणजे जरी. उर्दू अंगात मुरलेली, त्यामुळे गाठ लवकर सुटायची. तरी परीक्षेत घाम फुटायचा तो फुटायचाच.

त्यांच्या शेजारी सरजाबाई राहायची. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, रोजानं शेतावर जाऊन तिनं भुजंगला वाढवलं होतं. भुजंग फौजेत भरती झाला आणि एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं गेला. लढाई संपली तरी त्याचं पत्र नाही. मग पालमकडच्या एका जवानाचं कार्ड आलं, की भुजंगची तुकडी नदीपलीकडं गेली ती अजून परतली नाही. सरजाबाईनं तात्यारावांकडून त्याच्या साहेबाला पत्र लिहून घेतलं. तात्याराव म्हणजे पेन्शनीतले तलाठी, जुन्या काळचे मॅट्रिक, गावात इंग्रजी कागद वाचायचा तो त्यांनीच.

जानेवारीच्या शेवटी साहेबाचं उत्तर आलं. साहेब दक्षिणेकडचा, पत्र इंग्रजीत. तात्यारावांनी सरजाबाईच्या ओट्यावर बसून कागदावरून बोट फिरवलं. तुमचा मुलगा, त्यांच्यासोबत, नदी, परत आले नाहीत, हॉस्पिटल, डॉक्टर. एवढं हाती लागलं आणि त्यांनी चष्मा काढला.

“सरजाबाई, मन घट्ट करा,” ते म्हणाले.

मास्तर शाळेतून आले तेव्हा बाया जमल्या होत्या. सरजाबाई भिंतीला टेकून बसली होती, रडून रडून आवाज गेलेला. मास्तरांना पत्र बघावंसं वाटलं, पण मागायची लाज वाटली. समोर मॅट्रिक पास माणूस बसलेला आणि आपण तीनदा नापास. तरी ते पुढं झाले.

“तात्याराव, मी बघू का जरा?”

“बघा की. पण त्यात काही राहिलं न्हाई, मास्तर.”

पहिलं वाक्य तात्यारावांनी सांगितलं तसंच होतं. नदी ओलांडून गेलेली तुकडी परत आलेली नाही. दुसरं लांबलचक होतं. ‘ऑल्दो युवर सन वॉज टू गो विथ देम, ही कुड नॉट, फॉर ही हॅड बीन सेंट टू द हॉस्पिटल बिफोर दे लेफ्ट.’

अगरचे तुमचा मुलगा त्यांच्यासोबत जाणार होता. जाणार होता, गेला असं नाही. ‘कुड नॉट’, जाऊ शकला नाही. पुढं ‘फॉर’ आला आणि मास्तर अडकले. फॉर म्हणजे साठी. कोणासाठी? त्याच्यासाठी हॉस्पिटल? मग त्यांची नजर पुढच्या शब्दावर गेली. साठी असतं तर पुढं ‘हिम’ आलं असतं. इथं ‘ही’ आहे, म्हणजे नवीन वाक्य सुरू झालंय. म्हणजे हा ‘फॉर’ ‘साठी’ नव्हे, ‘क्योंकि’.

त्यांनी वाक्य तीनदा वाचलं. आपण चुकलो तर या माऊलीला दोनदा मारल्यासारखं होईल.

“तात्याराव,” ते हळू म्हणाले, “फॉरच्या पुढं ‘ही’ हाय. मग ‘कारण’ असाच अर्थ होतो ना?”

तात्यारावांनी चष्मा पुन्हा चढवला. बराच वेळ ओठ हलत राहिले. “व्हय,” ते म्हणाले. “ते निघायच्या आधीच याला दवाखान्यात धाडलं होतं. मी शब्द येचत गेलो, मास्तर. माझी घाई झाली.”

मास्तरांनी उरलेलं पत्र वाचून काढलं; शेवटी ‘शुड बी विथ यू बाय द एंड ऑफ फेब्रुवारी’ असं होतं.

“काय म्हणायलेत?” सरजाबाईनं विचारलं.

“काकी, भुजंग त्यांच्यात नव्हता,” मास्तर म्हणाले. “त्याच्या पायाला लागलंय, तो दवाखान्यात हाय. डॉक्टरांनी मना केलं न्हाई तर फेब्रुवारी संपायच्या आत तुमच्यापाशी येईल, असं लिव्हलंय.”

सरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि आलेल्या बायांसाठी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मास्तर मात्र त्या दिवसापासून नीट जेवले नाहीत. रोज वाटेनं जाताना ते वाक्य मनात पुन्हा उलगडत. ‘ही’ म्हणजे भुजंगच ना? दुसरा कुणी तर नसेल? ‘शुड बी’ म्हणजे येईलच, की यायला पाहिजे? आणि जे तुकडीबरोबर गेले, त्यांच्या घरी आलेली पत्रं कोण वाचत असेल?

सतरा फेब्रुवारीला दुपारी सेलूची एसटी आली. मास्तर चौथीला पाढे म्हणून घेत होते. खिडकीतून त्यांना दिसलं, काखेत कुबडी घेतलेला एक उंच पोरगा सांभाळून उतरला आणि कंडक्टरनं त्याची पत्र्याची ट्रंक खाली दिली. सरजाबाई फाट्यावर आधीच उभी होती; पत्र आल्यापासून ती रोज तिथं उभी राहायची. तिनं वाकून आधी त्याचा पाय चाचपला, मग दुसरा चाचपला.

पाढे थांबले होते. पोरं मास्तरांकडं बघत होती. मास्तरांनी त्यांना सुट्टी दिली, खुर्ची ओढली आणि निवांत बसून राहिले.