तेल काढून ठेवलेली गाडी

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, बोलायच्या आधी घसा खाकरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्याची कीव आल्यासारखी मान हलवतात. मग नाकातून येतं, "हे बघा, अगदी सोपं असतं." गळका नळ, शेजारणीचा गुडघा, देशाचा कारभार, सगळंच सोपं असतं. करणारे तेवढे अडाणी. निवृत्त होईपर्यंत ते विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे, म्हणजे फेटाळायचे. कागदावर शेरा मारायचे, "स्वतःचा निष्काळजीपणा." तो शेरा ते अजूनही जेवताना चालीत म्हणून दाखवतात आणि मग पाणी पितात.

निवृत्तीनंतर त्यांनी चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेतली. जुनीच, पण दणकट. डोंगर चढायचे, नद्या ओलांडायच्या, असा बेत. प्रत्यक्षात ती पेपर आणायला आणि दाढीचं सामान घ्यायला जायची. वळणावर काका पुढच्या चाकांचा जोर चालू करणारा दांडा उगाच एकदा ओढायचे आणि शेजारी बसलेल्याकडे बघायचे. काही फरक जाणवला का, म्हणून. "जाणवला" म्हणेपर्यंत नजर हटायची नाही.

या गाडीला पहिलं खरं काम मिळालं ते मावशीमुळे. मावशी नर्स. इतकी वर्षं लोकांच्या हाताखाली रात्रपाळ्या केल्यावर तिला वर डोंगरातल्या दवाखान्यात मुख्य नर्सची जागा मिळाली. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाही झाली तर जागा पुढच्या बाईला. वरचा रस्ता नुसता दगडांचा, बस जात नाही. दवाखान्यातून फोन आला की औषधांची गाडी रविवारी संध्याकाळी तुमच्या कोपऱ्यावरूनच वर येते, तिच्यातून या, आणि राहायला खोलीही आहे. फोन काकांनी घेतला होता. त्यांनी घसा खाकरला आणि गाडी नको, खोलीही नको, असं सांगून टाकलं. रोज मी सोडीन, रोज मी आणीन. मावशीला हे कांदा चिरताना कळलं. त्या दिवशी कांदा फारच बारीक चिरला गेला.

गल्लीत काका हिला मोठी जागा मिळाली असं सांगत नव्हते. "हिला वर न्यायची जबाबदारी माझ्यावर आलीय," असं सांगत होते, खांदे जरा पाडून.

आणि मग आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, त्यांनी गाडीचं तेल बदलायला घेतलं. इंजिनाचं नाही, ते काय कुणीही बदलतं. यांना गिअरबॉक्सचं बदलायचं होतं, त्याच्या मागे जी पेटी जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते तिचं, आणि दोन्ही आसांच्या मधोमध जे लोखंडी गोळे असतात त्यांचं. चढावर जायचं तर पोटातलं सगळं ताजं हवं. गॅरेजवाल्याला का नाही द्यायचं? तर तो कुणाशी बोलताना डोळ्यांत बघत नाही.

काकांनी ऑफिसचा जुना शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. तेल काढताना पेन कशाला, हे विचारायची सोय नव्हती. गाडी जॅकने उचलून चार लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर ठेवली, खाली मुलांच्या आंघोळीचा जुना टब सरकवला आणि स्वतः आत शिरले. बाहेर फक्त दोन पाय आणि एक आवाज उरला.

अशा प्रत्येक पेटीला दोन बोल्ट असतात. खालचा उघडला की जुनं तेल पडतं, वरचा उघडला की नवं भरता येतं. डोकं ठिकाणावर असलेला माणूस वरचा आधी उघडून बघतो. तो नाहीच उघडला तर खालच्याला हात लावायचा नाही, गाडी जुन्या तेलावर निवांत चालते. काकांनी खालून सुरुवात केली.

मावशी धुणं वाळत घालत होती. तिने सहज विचारलं, "अहो, पण नवीन तेल कुठून घालायचं?"

"अगं, आधी जुनं तर निघू दे."

जुनं निघालं. चारही ठिकाणचं. टबात काळं, जाड, नासक्या अंड्यांच्या वासाचं तेल जमलं. काका खालून ओरडून सांगत होते की किती काळं आहे बघा, लोक असल्या तेलावर गाड्या चालवतात आणि मग दावे टाकतात. मावशीने वाळत घातलेलं धुणं काढून आत नेलं.

तीन ठिकाणी नवं तेल गेलं. मागच्या गोळ्याचा वरचा बोल्ट मात्र हलेना. काकांनी पाना लावला. पान्याला पाईप अडकवला. पाईपला लटकले. पाना सटकला, हातोडा आला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बोल्टाचे सहा कोपरे जाऊन तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला. आता त्याला जगातला कुठलाही पाना धरणार नव्हता. दोष आधीच्या मालकाचा निघाला, मग कारखान्याचा, मग हवेतल्या दमटपणाचा. गॅरेज रविवारचं बंद. काकांनी गॅरेजवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, सकाळी गाडी घेऊन या की. काका "बरं बरं" म्हणाले आणि गाडी आणता येत नाही, हे न सांगताच फोन ठेवला. मागचा गोळा कोरडा ठेवून ती चालवली असती तर आतले दाते अर्ध्या वाटेत एकमेकांना खाऊन बसले असते.

दुपार कलली तेव्हा मावशीने दवाखान्यात फोन केला. तिकडून बहुधा विचारलं, काय बिघडलं.

"नाही हो, बिघडली कुठे," मावशी म्हणाली. "चांगली चालत होती. तेल काढून ठेवलंय."

मग तिने विचारलं की औषधांच्या गाडीत जागा आहे का. आणि जरा थांबून, खोली अजून रिकामी आहे का. फोन ठेवून ती आत गेली. उद्यासाठी भरलेला डबा आणि पिशवी बाजूला ठेवून माळ्यावरची मोठी बॅग काढली. उशीसुद्धा घेतली.

काका पुन्हा गाडीखाली गेले होते. तिथून त्यांना फक्त मावशीच्या चपला दिसल्या.

"चहा आणलास? ठेव तिथेच. आणि तो मोठा हातोडा दे जरा."

मावशीने वाकून हातोडा दिला.

"निघते मी," ती म्हणाली.

"हो हो, सकाळी लवकरच निघू," खालून आवाज आला. "आता येतोय बघ हा. जरासा हललाय."

चपला वळल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. कोपऱ्यावर औषधांची गाडी उभीच होती. खालून हातोड्याचा आवाज येत राहिला, मधूनमधून मावशीला काही समजावल्याचाही. अंधार पडून बोल्ट दिसेनासा झाला तेव्हा काका बाहेर आले आणि घरातला दिवा कुणी लावला नाही म्हणून करवादले.

मावशी सोमवारी वेळेवर हजर झाली. काकांनी संध्याकाळी फोन करून विचारलं की न्यायला कधी येऊ. गाडी घोड्यांवर असताना हे विचारायला एक वेगळाच घसा लागतो. मावशी म्हणाली, तुम्ही नका त्रास घेऊ, औषधांची गाडी शनिवारी खाली येते.

तेव्हापासून ती शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी परत जाते. गाडी अजून घोड्यांवरच आहे, वर ताडपत्री. मावशीची बॅग काका कोपऱ्यापर्यंत हातात धरून पायी नेतात. ती त्यांना जड होते, पण ते दाखवत नाहीत. वाटेत कुणीही भेटलं की थांबतात, घसा खाकरतात आणि सांगतात की हिला तिथेच राहा असं मीच म्हटलं, आणि दर आठवड्याला सोडायलाही मीच जातो.